भूत न म्हणता

दुपारी कुकरची शिट्टी झाली आणि आतून नेहमीचा आवाज आला, "ओ, किती झाल्या?"

"दोन," सावळीराम बाहेरच्या खोलीतून म्हणाला. "अजून एक होऊ दे."

सून शुभांगी कणकेचे हात घेऊन दारात आली. "बाबा, मी काही विचारलंच नाही."

सावळीरामने पेपर तोंडासमोर धरला, पण उशीर झाला होता.

लताबाईला जाऊन चार महिने झाले होते. तिला शेवटची काही वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन घे म्हटलं तर म्हणायची, "तुम्ही हायेत ना." त्यामुळे ती कुकर लावायची आणि शिट्ट्या सावळीराम मोजायचा. ती गेली, तरी विचारायची थांबली नाही. रोज नाही, पण दुपारी कुकर लागला की कधीतरी तो आवाज यायचा. तो उत्तर द्यायचा. त्यात आपण काही वेगळं करतोय असं त्याला वाटलंच नव्हतं.

आता घराला कळलं होतं.

दुसरं कुठलं घर असतं तर गोष्ट सोपी होती. शेजारच्या उपेंद्र जोशींची आई गेली तेव्हा ते घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत बसले होते. मेलेल्या माणसाने यायचं, शिवायचं आणि जायचं, अशी त्यांच्यात सोय असते. सावळीरामच्या घरात तशी सोय नव्हती. लताबाईचं पुण्यानुमोदन झालं, भंतेजींनी वंदना घेतली, जेवणं झाली आणि विषय संपला. शिवाय इंदिरानगरच्या त्यांच्या कॉलनीतल्या विहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलायचं काम सावळीरामचंच होतं. कुणाच्या अंगात आलं की लोक त्याला बोलवायचे. तो जाऊन शेजारी बसायचा, चहा पाजायचा आणि दवाखान्यात घेऊन जायचा. भूत हा शब्द त्याच्या घरात कुणी गमतीनेही काढत नसे. त्याची भाषणं लताबाई पहिल्या रांगेत बसून ऐकायची. अर्धं ऐकू यायचं नाही, तरी मान डोलवायची.

रात्रीच्या जेवणाला शुभांगी म्हणाली, "घरात निगेटिव्ह एनर्जी आलीये असं वाटतं."

"ते भूतच झालं," सावळीराम म्हणाला. "इंग्रजीत म्हटलं म्हणून वेगळं होत नाही."

"मग तुम्ही कोणाशी बोलत होतात?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला.

मुलगा नवनाथ फोनमध्ये बघत म्हणाला, "बाबा, घाबरू नका. याला हॅलुसिनेशन म्हणतात. गोळीने बंद होतं. सोमवारी डॉक्टरकडे जाऊ."

घाबरू नका म्हटल्यावरच सावळीराम घाबरला. गोळीने बंद होतं, हे वाक्य घेऊन तो झोपायला गेला.

नात संजना इंग्रजीत एम.ए. करत होती. दुसऱ्या दिवशी त्याने तिला गच्चीत कपडे वाळत घालताना गाठलं. "इंग्रजीत या गोष्टीला अजून काय काय म्हणतात गं? गोळी लागत नाही असा एखादा शब्द?"

"आजोबा, शब्द बघून गोळी देतात का?"

"तू सांग तर."

"घोस्ट. पण तो तर आता भलत्याच कामाला लावलाय. माझ्या मैत्रिणीला, पिंकीला, त्या आयुषने घोस्ट केलं."

"म्हणजे मारलं?"

"नाही हो! फोन उचलत नाही, मेसेजला उत्तर नाही. माणूस आहे, पण तिच्यापुरता गायब."

"मग तुझ्या आजीने मला घोस्ट नाही केलं," सावळीराम म्हणाला. "ती बोलते."

संजनाचं हसू गेलं. ओला टॉवेल तिने पुन्हा एकदा पिळला. "स्पिरिट म्हणतात."

"त्याने आम्ही कंपनीत पार्ट पुसायचो."

"फँटम. हात कापला गेला तरी त्याच हाताची बोटं दुखतात ना, त्याला फँटम पेन म्हणतात."

सावळीराम थांबला. कंपनीत त्याच्या शेजारच्या प्रेस मशीनवर मंगळू होता. त्याचा पंजा गेला, तरी करंगळीला खाज सुटते म्हणून तो रिकाम्या जागी खाजवायचा. त्याला कुणी अंधश्रद्धाळू म्हटलं नव्हतं, की गोळीने ती खाज काढली नव्हती. "हा चालेल," सावळीराम म्हणाला.

सोमवारी डॉक्टर मॅडमने काय होतं विचारलं, तेव्हा तो सरळ बसून म्हणाला, "मला फँटम आहे."

मॅडमने सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जोडीदार गेल्यावर खूप जणांना असं ऐकू येतं, काका. त्रास नसेल तर गोळी घेतलीच पाहिजे असं नाही. नको वाटत असेल तर हलकी गोळी देते. तुम्हीच ठरवा."

"द्या," नवनाथ म्हणाला.

घरी आल्यावर त्याने पाण्याचा ग्लास आणि गोळी समोर ठेवली. "बाबा, लहानपणी मी अंधाराला घाबरायचो, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून विहिरीपर्यंत नेलं होतं. बघ, आहे का कुणी? असं विचारलं होतं. आता मी विचारतो. आतमध्ये आई आहे का?"

संजना भिंतीला टेकून उभी होती. शुभांगीने मान खाली घातली होती.

हो म्हटलं असतं, तर तो आवाज त्याला हवाय हे नवनाथला कळलं असतं आणि गोळी टळली असती. नवनाथ चिडला असता, रडला असता, पण बळजबरी करणारा मुलगा नव्हता तो. एवढा एकच शब्द बोलायचा होता, तोही साधा मराठी. सावळीरामने तोंड उघडलं. आयुष्यभर जे नाही त्याला नाही म्हणत आलेला माणूस, त्याला हो म्हणता येईना.

"नाही," तो म्हणाला आणि गोळी घेतली.

पहिल्या आठवड्यात आवाज दोनदा आला, पण लांबून. दुसऱ्या आठवड्यात एकदाच, आणि शब्द कळले नाहीत. तो उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. शुभांगी वळून म्हणाली, "काही हवंय का, बाबा?"

त्यानंतर कुकर लागत राहिला, शिट्ट्या होत राहिल्या, पण आतून काही आलं नाही. बाहेरच्या खोलीत नवनाथ निफाडच्या मावशीला फोनवर सांगत होता, "बाबांना चांगला फरक पडला."

सावळीराम शेजारीच बसून ऐकत होता. फरक पडला होता, यात खोटं काही नव्हतं.