सहाव्या खोलीची परवानगी

नीलमने रविवार मुद्दाम निवडला होता. रविवारी धोंडूकाकांना ड्युटी नसते, माणूस निवांत असतो, आणि निवांत माणूस सही पटकन करतो. परवानगीचा कागद तिने प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला होता. निघताना तिने आरशासमोर उभं राहून बोलायची दोनदा प्रॅक्टिसही केली. दहावीत आल्यापासून तिला एक नवीनच गोष्ट कळली होती, की आपण नीट बोललो तर मोठी माणसं ऐकतात. मुख्याध्यापकांनी ऐकलं होतं, सोसायटीच्या सेक्रेटरीने ऐकलं होतं, तर धोंडूकाका का नाही ऐकणार?

हर्षदला जाऊन चार महिने झाले होते. डेंग्यू. चार दिवस अंगात ताप घेऊन तो शाळेत येत राहिला, कोणाला बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत कोसळला. भेटेल त्या प्रत्येकाला त्याचे वडील, धोंडूकाका, एकच विचारत होते, चार दिवस ताप होता, मग एका शब्दाने सांगितलं का नाही त्याने? त्याने नीलमलाही सांगितलं नव्हतं, आणि ती तर त्याची पहिलीपासूनची मैत्रीण.

मैत्री टिकली ती एका खेळावर. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण रेफरी होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीत शिरतात, आणि पुढचं फाशांवर. मूळ कंपनीने खेळाच्या नवनव्या आवृत्त्या काढल्या आणि चाळीस वर्षांपूर्वीची आवृत्ती अडगळीत टाकली. पण जगात तीच कवटाळून बसलेले वेडे पुष्कळ. त्यांच्यासाठी कंपनीबाहेरची लहान लहान माणसं अजून नवी साहसं लिहितात, छापतात, विकतात. नव्या आवृत्तीत मरायला टेकलेल्याला तीन संधी मिळतात, जुनीत जीवाचे गुण शून्य झाले की मेला. हर्षदला जुनीच आवडायची. नवी म्हणजे लाड आहेत नुसते, म्हणायचा.

तर त्याने ह्या खेळासाठी एक गुहा लिहिली होती. अकरा खोल्या, नकाशा हाताने काढलेला, मजकूर मराठीत. इंग्रजी नीलमने केलं, शब्द न् शब्द तिच्या हातून गेला. स्वीडनमधलं एक जोडपं असली पुस्तकं काढतं, त्यांनी ती घेतली. दोघांचं नाव मुखपृष्ठावर. फक्त हर्षद अल्पवयीन होता आणि आता हयात नाही, तेव्हा आईवडिलांपैकी एकाची सही हवी, असं त्यांनी कळवलं होतं. महिनाअखेरीपर्यंत.

बोरीवलीत तिच्या घरापासून चौथी इमारत, पुनर्विकासातली, तिच्या बाराव्या मजल्यावर हर्षदचं घर. इतक्या वर्षांत नीलम त्या घरात एकदाही आली नव्हती. हर्षदकडे नेहमी पाहुणे असायचे, नाहीतर रंग लावलेला असायचा. खेळ कायम नीलमच्याच घरी व्हायचा, तिच्या आईच्या चहावर.

दार हर्षदच्या आईने, रत्नप्रभाकाकींनी उघडलं. हाताला बोंबलांचा वास. त्या परत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बोंबील साफ करायला बसल्या. धोंडूकाका कुठल्याशा मोठ्या इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर. बनियनवर बसले होते, पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा होताच.

नीलमने तयार केलेलं सगळं बोलून टाकलं. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, की हा खेळ आहे तरी कसला, लुडोसारखा?

"लुडोत कोण मरत नाही, काका."

ते हसले. चार महिन्यांत हसले नसावेत, असं हसले. "मगे खेळव माका. सही करूची तर कळूक नको काय, काय लिवल्यान आमच्या झिलान, हर्षदान?"

नीलमला तर हेच हवं होतं. तिने फासे काढले, काकांसाठी खेळातला एक शिपाई बनवला, जीवाचे चार गुण असलेला. खेळाची एक रीत असते. खोलीत शिरल्यावर चौकटीतला मजकूर रेफरीने जसाच्या तसा वाचायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. हर्षद त्याबाबतीत फार कडक. म्हणून तिने त्याची मराठी वहीच आणली होती.

पहिल्या खोलीत काकांनी साप मारला. दुसरीत पाण्याचं निळं पिंप होतं, तिसरीत छतापर्यंत रचलेली गाठोडी. नीलम झकास वाचत होती, आवाज खाली-वर करत, मध्ये थांबत. काका पुढे सरकून बसले होते. चौथ्या खोलीचा नकाशा सांगताना तिने हाताने दाखवलं, डावीकडे दगडी ओटा, समोर बंद खिडकी, आणि बोट हवेतच राहिलं. ह्या घरातही डावीकडे ओटा होता. समोर खिडकी होती, खिळे मारलेली. बाथरूमच्या दाराशी निळं पिंप.

तिथेच थांबायला हवं होतं तिने. पण आतापर्यंत ती कुठे थांबली होती? रीत म्हणजे रीत. पाचवी खोली पटकन उरकली आणि सहावी वाचायला घेतली.

"खोली सहा. इथे आवाज करायचा नाही. खोकलात, शिंकलात, काही पाडलंत, तर दाराबाहेर किल्ल्या वाजतील. पहारेकरी वाईट नाही, तो दमलेला आहे. पण त्याची झोप मोडली तर तो आधी मारतो, मग विचारतो. आजारी माणसाने इथे तोंडात कपडा धरून पडावं आणि सकाळ होऊ द्यावी. कोपऱ्यात एक दगडाची बाई आहे. तिला सगळं दिसतं. ती हलत नाही."

हेच तिने इंग्रजीत केलं होतं. दोन रात्री घालवल्या होत्या, "दमलेला"साठी नेमका शब्द शोधत. आणि तिला भारी वाटलं होतं, कसला भन्नाट राक्षस आहे म्हणून.

काकांनी हातातले फासे खाली ठेवले. मग त्यांनी विचारलं, हे कधी लिहिलं त्याने. नीलमने सांगितलं, जूनमध्ये. ताप सप्टेंबरचा. तिघांनाही महिने मोजता येत होते: एका शब्दाने का सांगितलं नाही, ह्याचं उत्तर तापाच्या तीन महिने आधीच लिहिलेलं होतं.

"ह्यां पान काढ," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मगे सही करतंय."

हो म्हणणं सोपं होतं. अकरातली एक खोली गेली, तर स्वीडनमध्ये कोणाला कळणार होतं? पुस्तक निघालं असतं, मुखपृष्ठावर हर्षदचं नाव आलं असतं. नीलमने तोंड उघडलं आणि तिचं तिलाच वेगळं काहीतरी ऐकू आलं.

"बाहेर जायचा रस्ता ह्याच खोलीतून आहे, काका. ही काढली तर गुहेत गेलेला माणूस आतच राहतो."

काका उठले. किल्ल्या वाजल्या. नीलम आपोआप भिंतीला टेकली आणि टेकल्यावर तिला कळलं, हर्षद असाच टेकत असणार.

"नीलम." काकी उंबऱ्यावरून बोलल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा. "ती दगडाची बाई म्हणजे मीच ना गो?"

खोटं बोलायला नीलमला एक क्षण मिळाला होता. तो तिने घालवला. "हो, काकी."

काकींनी मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवतात तशी. मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा वास घेऊन बघितला आणि पुन्हा धुतले. मग येऊन फोल्डरमधला कागद त्यांनी स्वतः बाहेर ओढला.

"रत्ना," काका म्हणाले.

काकींनी वर बघितलं नाही. सहीचं एकेक अक्षर जोर देऊन काढलं, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. कागद नीलमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "एक अक्षर बदलू नको त्यातला. माझाही नको. जा आता."

चपला घालताना नीलमने हळूच विचारलं, तुम्ही येता का माझ्याबरोबर, आईकडे, चहाला. काकींनी नुसतं मागे बघितलं. "बोंबील साफ करूचे रवलेत अजून," म्हणाल्या. दार लागलं. आतून कडी पडली.

बाराव्या मजल्याचा पॅसेज रिकामा होता. सही मिळाली होती. ज्याच्यासाठी आली होती ते सगळं फोल्डरमध्ये होतं, आणि तिला तो फोल्डर हातात धरवत नव्हता. सही काकींची होती, आणि कडीच्या आत काकी एकट्या काकांबरोबर होत्या. लिफ्ट आली, उघडली, मिटली, खाली गेली. नीलम दारासमोरच्या पायरीवर बसली आणि तिने घरी फोन लावला.

"आई, हर्षदच्या घरी ये. आत्ता. पप्पांना पण घेऊन ये."

आई घाबरली, काय झालं विचारू लागली.

"अजून काही नाही झालं," नीलम म्हणाली. "म्हणूनच ये."