सेल्माताईचा फाळका

माझी बहीण सेल्मा शहात्तर वर्षांची. मी एकाहत्तरचा, पण तिच्या लेखी अजून शेंबडाच. हिवाळ्यात तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, जड काही उचलायचं नाही. ही "बरं" म्हणाली आणि बर्फ वितळल्याबरोबर गवत कापायचं यंत्र पुसूनबिसून, तेल घालून तयार!

आमच्या चर्चमागच्या दफनभूमीतलं गवत एकोणीस वर्षं तीच कापते. बसून चालवायचं ते यंत्र गाडीमागच्या ट्रेलरवर घालून न्यावं लागतं. ट्रेलरचा मागचा फाळका लोखंडी जाळीचा. तो खाली सोडला की उतार होतो, यंत्र उतरतं. मग तो परत उचलून खुंटी घालायची. सव्वाशे पौंडांचं धूड आहे ते. दोन्ही हात धड होते तेव्हासुद्धा ताई त्याला शिव्या घालायची.

मे महिन्यात चर्चच्या कमिटीतला रूबेन तिच्याकडे आला. कॉफी प्याला, परसातल्या आंबट रुबार्बच्या देठांच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, हवापाणी झालं, मक्याची पेरणी झाली आणि दारातून निघता निघता गडी मुद्द्यावर आला. आमच्याकडे असंच असतं.

"सेल्मा, शनिवारी मी येतो तिकडं. यंत्र एकटीनं उतरवलंस, चढवलंस, तर काम तुझं. नाहीतर शहरातली कंपनी लावू. तिथं तू एकटी असतेस, काही झालं तर कुणाला कळणार?"

तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, मी येत जाईन की फाळका उचलायला."

"तू? दर आठवड्याला? तुझ्या गुडघ्यांना विचारलंस का आधी?" मग खिडकीकडे बघत म्हणाली, "आर्विड आहे रे तिथं. नुसती फुलं घेऊन उभी राहिले की काय बोलावं ते सुचत नाही मला. यंत्रावर बसले की सुचतं."

आर्विड तिचा नवरा. जाऊन सहा वर्षं झाली. तिच्यासमोर डोळे पुसायची सोय नाही, म्हणून उठून घरी आलो.

माझ्याकडे गॅरेजच्या जुन्या दाराची लांब स्प्रिंग पडून होती. आमच्या भागात कुणी काही टाकत नाही, बायका कितीही ओरडू देत. दुसऱ्या दिवशी तिचा ट्रेलर घेऊन आलो. बाजूच्या कठड्याला स्प्रिंग आडवी बसवली. तिच्या मागच्या टोकाला वायर, ती कोपऱ्यातल्या कप्पीवरून फाळक्याला. पुढच्या टोकाला साखळी, ती कठड्यावरच्या आकड्यात अडकवलेली. फाळका खाली गेला की स्प्रिंग ताणली जाते आणि वर येताना तीच त्याला ओढते. ताण वाढवायचा तर साखळी ओढून स्प्रिंगकडची पुढची कडी आकड्यात घालायची. मी चांगली खेचून घातली. एका बोटानं फाळका वर! मी स्वतःवरच खूश.

शुक्रवारी ताईनं खुंटी काढली. फाळका अर्ध्यात आला आणि तरंगत राहिला. माझ्या वजनाला तो मुकाट्यानं खाली जायचा, ही तर काडी! तिनं कडेला दोन्ही पाय देऊन तो टेकवला, मी यंत्र खाली आणलं. ती बाजूला झाली मात्र, धाडकन फाळका वर!

"मायलो, हा फाळका केलास की उंदराचा सापळा?"

"तुला जोर लागू नये म्हणून केलं! दोन दिवस राबलोय मी!" माझं डोकंच फिरलं.

"अजिबात जोर लागू नये? मी काय मेलेय? निम्मं स्प्रिंगला दे, निम्मं मला ठेव."

आणि बादली उपडी घालून बसली. "एक कडी सोड. अजून एक. मुकादमासारखा बघतोस काय, सोड." चौथ्या कडीला फाळका जमिनीवर गप पडून राहिला. ताईनं तो डाव्या हातानं उचलला. धाप लागली, पण उचलला.

शनिवारी रूबेन हाताची घडी घालून उभा. ताईनं यंत्र उतरवलं, दोन रांगा कापल्या, परत चढवलं. मग वाकून डाव्या हातानं फाळका धरला. कमरेपर्यंत आला आणि अडला. तिचा चेहरा लालबुंद झाला. मी पुढं सरकलो.

"जागचा हलू नकोस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

फाळका वर गेला. खुंटी बसली. रूबेननं टोपी काढली, डोकं खाजवलं. "बरं मग. सोमवारी मेमोरियल डे, सगळे कबरींवर फुलं वाहायला येतील, त्याच्या आत सगळं कापून हवं," म्हणाला आणि गेला.

मला नाचावंसं वाटत होतं. "ताई, आता माप जमलं. साखळी काढून पक्का बोल्टच मारून टाकतो."

"नको. राहू दे साखळी." ती खांदा चोळत होती. "हा काही आता सुधारायचा नाही. दर वसंतात एक कडी घट्ट करत जाऊ."

आकडा आणि स्प्रिंगच्या मधल्या कड्या मी मनातल्या मनात मोजल्या. पाच होत्या.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर मी वायर आखूड केली आणि लांब साखळी आणून लावली. ताण तोच ठेवला.

ताईनं साखळीवरून हात फिरवला. "एवढ्या कड्या कशाला रे?"

"लागतील," मी म्हटलं.