गप्प बसवलेल्या जनुकाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनं जनुक आहे. सध्या माझा मुक्काम मेणाच्या एका ठोकळ्यात आहे. ठोकळा काडेपेटीहून लहान, त्याला प्लास्टिकची जाळीदार चौकट आणि चौकटीवर पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. जनुक म्हणजे काय हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल आणि परीक्षेनंतर तुम्ही ते विसरलाही असाल, म्हणून थोडक्यात सांगतो. शरीर पेशींचं असतं, प्रत्येक पेशीत एक लांबच लांब धागा गुंडाळलेला असतो आणि त्या धाग्यावर चारच अक्षरांत कामाचे हुकूम लिहिलेले असतात. त्यातला एक हुकूम म्हणजे मी. जनुकाला कान नसतात आणि तोंडही नसतं, हे मला मान्य आहे. पण आत्मवृत्तात खुर्च्या आणि छत्र्या बोलतात तेव्हा कुणी हरकत घेत नाही. माझंही ऐकून घ्या.

मी राहायचो झुलेखाच्या डाव्या स्तनातल्या एका पेशीत. हा शब्द वाचून मागच्या बाकावर खुसखुस झाली असेल तर ती उरकून घ्या, मी थांबतो. याच खुसखुशीपायी मोठ्या बायका हा शब्द डॉक्टरपुढेही उच्चारत नाहीत आणि माझी गोष्ट नेमकी तिथंच अडते.

माझं काम थांबवण्याचं. पेशीला एकाचे दोन, दोनाचे चार व्हायची भारी हौस असते. तिनं तयारी केली की मी म्हणायचं, थांब, आधी अक्षरं तपासू दे. चूक सापडली तर दुरुस्तीवाल्यांना बोलवायचं आणि दुरुस्तीपलीकडे गेलं असेल तर पेशीला सांगायचं की बाई, आता आवर. अशा नोकरीत कौतुक मिळत नाही. आज आपल्याला गाठ झाली नाही म्हणून कुणी पेढे वाटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. चाळीसेक वर्षं मी मुकाट्यानं काम केलं आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही.

बाहेर झुलेखाही तेच करत होती. चाकणच्या एका कंपनीत ती गाडीच्या ब्रेकचे रबरी पाइप तपासायला बसायची. पाइप ट्यूबलाइटखाली धरायचा, वाकवायचा, अंगठ्यानं चाचपायचा. चीर दिसली की लाल डब्यात. नुसती शंका आली की पिवळी चिठ्ठी लावून ‘होल्ड’च्या रॅकवर, मग साहेब येऊन निकाल लावणार. अकरा वर्षांत तिच्या टेबलावरून वाईट पीस पुढे गेला नव्हता. सुपरवायझर तिला वचकून असत. तिचा नवरा लालमहंमद कांदा बाजारामागं दुचाकीचं गॅरेज चालवतो. तो म्हणायचा, ‘‘ही भाजीवाल्याची भेंडीसुद्धा रिजेक्ट करते, तो बिचारा हिला बघून गाडी वळवतो.’’

आणि मग मला गप्प बसवलं गेलं.

माझं कुणी काही तोडलं नाही, हे नीट ऐका. माझं एकही अक्षर पुसलं नाही, बदललं नाही. माझ्या दारावर, म्हणजे जिथून मला वाचायला सुरुवात होते त्या अक्षरांवर, बारीक रासायनिक टिकल्या येऊन चिकटल्या. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढासा जीव. एक चिकटली तेव्हा मी दुर्लक्ष केलं. मग शेजारी दुसरी, मग रांगच लागली. वाचणारी यंत्रणा दारापाशी यायची, तिला टेकायला जागा मिळायची नाही, ती परत जायची. पुढं माझ्याभोवतीचा धागाही आवळला गेला. कंपनीत नकोशा माणसाला काढून टाकत नाहीत, कोपऱ्यात टेबल देतात, फोन काढून घेतात आणि हजेरीपटावर नाव तसंच ठेवतात. माझं तसं झालं. माझी एक जुळी प्रत पेशीत होती, तिचीही तीच गत.

असं का झालं? शेजारपाजारच्या बायकांनी पुढं कारणं पुष्कळ शोधली. कुणी म्हणालं तिखट, कुणी म्हणालं नोकरी, एकीनं तर मोबाइलवर बोट ठेवलं. खरं सांगायचं तर वय, हार्मोन आणि बरंच असं काही, जे शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. झुलेखानं काही चुकीचं केलं होतं म्हणून नव्हे, एवढं मात्र मी शपथेवर सांगतो.

आता पेशीला अडवणारं कुणी उरलं नाही. माझ्यासारखे आणखीही एकदोन राखणदार गारद झाले होते. पेशी वाढली, दोन झाली, आणि दोघींनाही मी मिळालो, तोही टिकल्यांसकट. कारण धाग्याची नक्कल होताना टिकल्यांचीही नक्कल होते. चार झाल्या, आठ झाल्या. प्रत्येकीत मी होतो आणि प्रत्येकीत मुका होतो. एवढ्या मोठ्या गर्दीत एवढं एकटं कुणी नसेल.

एके दिवशी अंघोळ करताना झुलेखाच्या अंगठ्याला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, टणक, न दुखणारी. तिचा अंगठा कसला तयार. तो तिथंच थबकला. मला वाटलं, सुटलो. हिनं चीर असलेला पाइप कधी सोडला नाही, ही आपल्यालाही सोडणार नाही.

तिनं ओढणी सारखी केली आणि कंपनीची बस गाठली. गाठ दुखत नव्हती, म्हणजे नुसती शंका होती, आणि शंकेचा पीस कुठं ठेवायचा ते तिला पाठ होतं. तिनं स्वतःला होल्डवर ठेवलं.

आधी परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. ते झालं. मग मुलीची, फरहीनची बारावीची परीक्षा. मग मुलीची, फरहीनची बारावीची परीक्षा. मग ऑडिटात निघालेल्या त्रुटींचं दुसरं ऑडिट. प्रत्येक वेळी ती अंगठा लावून बघायची आणि म्हणायची, आहे तेवढीच आहे. ती तेवढीच नव्हती. मी आत होतो, मला माहीत होतं. मित्रांनो, आपल्या घराला आग लागलीय, आपण आत आहोत आणि तोंडावर पट्टी आहे, असं रोज वाटायचं. दिवसाला मी शंभरदा ‘थांब’ म्हणायचा प्रयत्न करायचो. एकही शब्द बाहेर पडायचा नाही.

शेवटी बोलली ती सुमनताई. ती बीडकडची, पलीकडच्या टेबलावर बसायची. एका दुपारी कँटीनमध्ये झुलेखानं डबा उघडता उघडता सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘ताई, माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिला छातीत गाठ लागतेय. दुखत नाही पण. काही नसेल ना?’’

सुमनताईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. ‘‘त्या बाईला तुझाच ड्रेस बसतो का गं?’’

झुलेखानं चपातीचा तुकडा मोडला.

‘‘कधीपासून हाय?’’

‘‘ऑडिटच्या आधीपासून.’’

‘‘कोणत्या ऑडिटच्या?’’

‘‘पहिल्या.’’

सुमनताईनं बोटं मोजली. ‘‘होल्डचा पीस आपण किती वेळ ठेवतो?’’

‘‘शिफ्ट संपेपर्यंत. पुढच्या शिफ्टला होल्ड द्यायचा नाही.’’

‘‘रबराच्या नळीला एक शिफ्ट, अन् सोताला सव्वातीन महिने. लई हुशार इन्स्पेक्टर झालीस तू,’’ सुमनताई म्हणाली. ‘‘आवर तो डबा. मी गेटपास काढायलेय दोघींचा.’’

‘‘आज डिस्पॅच आहे, ताई.’’

‘‘असू दे. ट्रक काय तुझ्या छातीवर भरायचाय?’’

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. छातीचा फोटो, गाठीत सुई, तपासणीला तुकडा, रिपोर्ट. रिपोर्ट आला तेव्हा लालमहंमद हातातला पाना घेऊनच दवाखान्यात पोचला होता. लांबून येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून तिचं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, ‘‘मला काहीच ऐकू आलं नाही.’’ झुलेखा म्हणाली, ‘‘आवाजच नव्हता त्याला.’’

ऑपरेशन झालं. गाठीबरोबर मीही बाहेर आलो. औषधाच्या बरणीत बुडालो, मेणात बसलो, माझ्या आजूबाजूचे पातळ काप काढून काचेवर चढवले गेले. अहवालात बरंच काही लिहिलं होतं. गाठ तीन सेंटिमीटर, काखेतल्या दोन गाठींपर्यंत पोचलेली. माझा उल्लेख कुठं नव्हता. गप्प बसलेल्यांची दखल तिथवर अजून पोचलेली नाही. मी ऐकलंय की माझ्या दारावरच्या टिकल्या काढणारी औषधं आहेत, रक्ताच्या काही कर्करोगांत ती देतातही. स्तनाच्या कर्करोगात अजून प्रयोगच चालू आहेत. मला ती मिळाली तरी आता उपयोग नाही. मेणात बसून कुणाला अडवणार?

परवा मला तिथून हलवलं. किमो सुरू करण्याआधी पिंपरीच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा होता आणि त्यांना ठोकळा बघायचा होता. बसमध्ये लालमहंमदनं मला खिशातून काढून झुलेखाच्या हातावर ठेवलं.

‘‘हे एवढंसं?’’ ती म्हणाली.

‘‘एवढंसंच.’’

‘‘याच्यासाठी केस जाणार माझे.’’

‘‘केस येतात परत. तू डॉक्टरांना सगळं विचार. मला काही समजत नाही, मी फक्त मान हलवतो.’’

‘‘काखेत दोन ठिकाणी होतं. आणखी कुठं गेलं असेल तर?’’

‘‘तेही डॉक्टरांनाच विचारू,’’ लालमहंमद म्हणाला. मलाही माहीत नव्हतं. एखादी पेशी माझ्या आधी निसटली असेल का, ते मी आजही सांगू शकत नाही, आणि त्यापायी मला मेणातही स्वस्थता नाही.

झुलेखानं सवयीनं मला खिडकीच्या उजेडात धरलं. फिरवलं. अंगठ्यानं कडा चाचपल्या. भोसरीपासून नाशिक फाट्यापर्यंत ती मला तपासत होती. मग हळूच म्हणाली, ‘‘याच्यात काही चीर दिसत नाही हो.’’

ती बरोबर होती. माझं एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. मला सांगायचं होतं, झुलेखा, मी शाबूत आहे, मला फक्त बोलू दिलं नाही, आणि तुझ्या बाकीच्या अंगात माझे अब्जावधी भाऊ अजून उभे आहेत, ते बोलतायत, तू औषध घे. नेहमीप्रमाणे काही बाहेर पडलं नाही. तिनं मला रुमालात गुंडाळलं आणि मुठीत धरून ठेवलं.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगतो. आतून ओरडायचं काम माझं होतं, ते मला जमलं नाही. आता बाहेरून विचारायचं काम तुमचं. आज संध्याकाळी आईला, मावशीला, आजीला सरळ विचारा, की छातीत कुठं गाठ लागतेय का, काही वेगळं वाटतंय का आणि वाटत असेल तर दाखवून आलीस का. त्या लाजतील. चिडतील. ‘अभ्यास कर’ म्हणतील. अभ्यास नंतर करा. उत्तर मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.