एका फळीवरच्या सवती

औषधांच्या दुकानात थोरल्या जावेचा एक रिवाज होता. इंग्रजीत सारखीच दिसणारी दोन नावं ती कधी शेजारी ठेवायची नाही. "सवती आहेत त्या. एका फळीवर आल्या की घर पेटवतील," म्हणायची. त्यातली एक घड्याळाखाली, दुसरी पार खाली, कापसाच्या गठ्ठ्यांपाशी. एकीनं अंगाची खाज थांबायची, दुसरीनं रक्तातली साखर उतरायची. नावात फरक मधल्या एका अक्षराचा.

धाकटीला हा सगळा पसारा वाटे. थोरली माहेरी गेली तशी तिनं कंबर कसली आणि कपाटं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावून टाकली.

आज थोरली परतली. पिशवी अजून खांद्यावर, तोच समोरचे शिलाईवाले मास्तर आले. "बाई, माझी खाजेची गोळी!"

"आणलीत का नवी खाज?" हसत थोरलीनं मान न वळवता घड्याळाखाली हात घातला, गोळ्यांची पट्टी काढली, नेहमीसारखा लाल दोरा बांधला. मास्तरांना वाचता येत नसे. ते दोऱ्यावरूनच ओळखत.

ते गेले. धाकटी खोकी सारखी करायला वळली आणि तिनं नाव वाचलं. उघडं खोकं साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचं होतं. खाजेचं त्याला चिकटून, बंदच्या बंद.

तिनं फोन लावला. नुसता वाजत राहिला. शिलाईयंत्राच्या खडखडाटात कोण ऐकणार?

"ताई, मी... मी फळ्या बदलल्या," एवढंच कसंबसं म्हणत ती धावत सुटली. पाय पुढे, जीव मागे. रस्ता केवढासा, पण सरता सरेना. समोरून गाडी आली, ड्रायव्हर ओरडला, "डोळे घरी ठेवलेत का?" तिला ऐकूच गेलं नाही.

मास्तर यंत्राशी बसलेले. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर गोळी.

"काका, नको!" तिनं तळव्यावर झडपच घातली. गोळी कापडाच्या चिंध्यांत जाऊन पडली.

"अगं पोरी, वेड लागलं का? दोरा आहे की पट्टीला!"

ती खाली वाकली. "गोळी चुकलीय," म्हणत चिंध्यांतून ती शोधली, पट्टीही उचलली.

परत आली तेव्हा थोरली दोन्ही खोकी मांडीवर घेऊन बसलेली. चेहरा पांढराफटक.

"घेतली नाही त्यांनी," धाकटी म्हणाली. "ताई, चुकलं माझं. बोला मला, हवं तर मारा."

थोरली एकेका नावावरून बोट फिरवत राहिली, पाटीवर पहिलं अक्षर गिरवावं तसं.

"फळ्या तू बदलल्यास," शेवटी ती पुटपुटली, "पण वाचलं नाही ते मी. इतकी वर्षं हातच देत आला गं. कधी, कोणाला काय दिलं असेल..."

दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. दोघीही उठल्या नाहीत.