गिळेपर्यंत बघायचं

पहिल्या वेळी मी नापास झाले ती मिस्टर हॉपकिन्सच्या तोंडाकडे न बघितल्यामुळे.

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या अल्बनीतल्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मी केअरगिव्हर आहे. म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं हे सगळं मी झोपेतही करीन. पण त्यांना गोळ्या द्यायच्या तर वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. आधी लेखी, मग नर्स शेजारी उभी राहून बघते आणि आपण औषधं द्यायची. लेखीत मला पैकीच्या पैकी मिळाले. घोकंपट्टीला मी कधीच घाबरले नाही, सांगलीत तेवढं एक पक्कं शिकवतात.

प्रॅक्टिकलला समोर मिस्टर हॉपकिन्स. मी पूर्ण नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, चार्ट बघितला, पाकिटावरची तारीख बघितली. गोळी हातावर दिली, पाण्याचा ग्लास दिला आणि खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत उभी राहिले. कुणी खात असलं की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, नजर लागते, असं आईने चार वर्षांची असल्यापासून बजावलं होतं. शिवाय ते हावरटासारखं दिसतं. तर मी शहाण्या मुलीसारखी नजर वळवली, ते "थँक यू, डिअर" म्हणाले आणि मी चार्टवर सही ठोकली. मारामा, म्हणजे आमची नर्स, पुढे झाली आणि त्यांच्या चहाच्या बशीतून ओली गोळी उचलून मला दाखवली.

"निश, गिळेपर्यंत बघायचं," ती म्हणाली. "तो घेतली म्हणाला, ते चालत नाही. तू बघितलं नाहीस, तर तू दिली नाहीस. पुढच्या गुरुवारी परत ट्राय करू, ओके?"

ओके काय, डोंबल. सीनियरची जागा त्या परीक्षेवर होती आणि माझा व्हिसा त्या जागेवर. बिझनेस डिप्लोमा करून इथे राहिलेल्या माझ्यासारखीला तिसरी संधी कुणी देत नाही. गुरुवारी परत नापास झाले असते तर ऑक्टोबरमध्ये बॅग भरायची होती.

प्रॅक्टिस करायची तर पेशंट हवा. तो आणायचा कुठून? मी एका मोठ्या घराच्या मागच्या अंगणातल्या स्लीपआउटमध्ये राहते. एक खोली, एक हॉटप्लेट, एक हीटर. पुढच्या घरात दीप्ती आणि सुशील राहतात, आयटीतले, पुण्याचे, माणसं चांगली. गाडीची काच खाली करून दीप्ती विचारते, "निशिगंधा, ऑल गुड ना?" मी इथल्यासारखं "स्वीट ॲज", म्हणजे एकदम मस्त, म्हणते आणि गॅरेजचं दार खाली येतं. एवढंच मराठी माझ्या वाट्याला येतं. अशा माणसांना आ करा, मला तुमच्या तोंडात बघायचंय, असं कसं सांगणार?

उरले बाबा.

माझे बाबा, चंद्रहास, सांगलीत एकटे असतात. आई जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना सकाळी बीपीची गोळी असते आणि दुपारी जेवणानंतर शुगरची. इथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे साडेबारा होतात. म्हणजे पेशंटही होता, गोळीही होती आणि वेळही जमत होती.

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी पोलिसात जबानी द्यावी तसं पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, वर "सेवानिवृत्त" हेही जोडलं. मग गोळी तोंडात टाकली. मी डोळे फाडून बघत राहिले. मला फारच अवघडल्यासारखं झालं.

"अशी काय बघतेस गं? घशात अडकेल माझ्या."

"परीक्षेला असंच बघावं लागतं, बाबा."

"तुझी आई असती तर तुझ्या पाठीत धपाटा घातला असता," ते म्हणाले आणि दोघंही हसलो. त्या आठवड्यात मी पहिल्यांदाच हसले होते.

सोमवारी म्हणाले, "आज लवकरच घेतली. उद्या करू." मी हो म्हटलं.

मंगळवारी मी पाकीट तपासायचं घेतलं. ते रीतीत असतं, नाव आणि तारीख वाचल्याशिवाय गोळी काढायची नाही. "कॅमेऱ्यासमोर धरा," म्हटलं. त्यांनी धरलं. पंधरा गोळ्यांचं पाकीट मागच्याच्या मागच्या मंगळवारी कॉलवर माझ्यासमोर उघडलेलं. दोन आठवडे झाले होते, एक गोळी उरायला हवी होती. सात होत्या.

"बाबा, सहा गोळ्या जास्त आहेत."

"असतील. उपवास असतो माझा. सोमवार, गुरुवार, शनिवार. जेवणानंतर घ्या असं डॉक्टर म्हणाले. जेवणच नाही, तर जेवणानंतर कुठून येणार?"

"काल तर म्हणालात, घेतली."

त्यांनी पाकीट कॅमेऱ्यासमोरून खाली घेतलं.

मला खरं म्हणजे कळेना. आईच्या उपवासांची जन्मभर थट्टा केलेला माणूस हा. साबुदाण्याच्या खिचडीचा देवाशी काय संबंध, असं विचारून तिला रडकुंडीला आणायचे.

"कुठल्या देवाचे उपवास धरलेत?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "देवाबिवाचे नाहीत गं. एका माणसासाठी कुकर लावावासा वाटत नाही. उपवास म्हटलं की शेजारच्या मंदाताईही डबा घेऊन येत नाहीत, कुणी काही विचारत नाही. चहा घेतो, केळं खातो. भागतं."

मी चिडले. शुगर आहे तुम्हाला, चक्कर येऊन पडलात तर कोण बघणार, मी इथून धावत येऊ का, असं वाट्टेल ते बोलले. "चिडू नकोस," ते म्हणाले. मी फोन बंद केला.

मग माझ्या पुढ्यातली बशी दिसली. दोन टोस्ट आणि सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणलेलं लोणचं. कॉल लावायच्या आधी ती बशी मी रोज कॅमेऱ्याच्या बाहेर सरकवत असे. आईचा छोटा कुकर बॅगेतून इथवर आणला होता, तो हॉटप्लेटखाली चार महिने तसाच पडून होता. रडू आलं. कुणी ऐकायला नव्हतं, म्हणून पोटभर रडले.

बुधवारी मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मारामा "किया ओरा, निश" असा माओरीत नमस्कार करत औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी राहिली. मिस्टर हॉपकिन्सना मी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, चार्ट आणि पाकीट तपासलं. गोळी दिली. या वेळी खिडकी माझ्या पाठीशी होती.

"काय बघतेस?" ते इंग्रजीत कुरकुरले. "मी पळून जाणार नाहीये."

मी हलले नाही. त्यांच्या गालात गोळीचा उंचवटा दिसत होता. मी ग्लास परत हातात दिला आणि थांबले. मला हॉपकिन्स दिसतच नव्हते. आज लवकरच घेतली, असं म्हणणारे बाबा दिसत होते. शेवटी हॉपकिन्सचा कंठ वरखाली झाला, त्यांनी वैतागून आ करून दाखवला आणि मी सही केली. मारामाने माझ्या फॉर्मवर तिची सही केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पास झाले हे सांगायला दिवसभर कुणी नव्हतं. घरी आले तेव्हा दीप्तीची गाडी नव्हती. सात वाजले आणि मी फोन लावला.

बाबा टेबलापाशी बसलेले होते. पुढ्यात वरण-भात, लिंबाची फोड.

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं.

"माहितीये. पास झालीस?"

"झाले."

"वाटलंच होतं." ते जेवले, मी बघत राहिले. मग गोळी घेतली, पाणी प्यायले आणि न सांगता मोठ्ठा आ केला. जीभ उचलून खालीही काही नाही ते दाखवलं. मला हसू आलं.

"आता तुझं ताट दाखव," ते म्हणाले.

"माझं झालंय, बाबा."

"झालंय म्हणून सांगितलेलं चालत नाही. तूच शिकवलंस."

मी बशी कॅमेऱ्यात आणली. त्यांनी ते टोस्ट बराच वेळ बघितले. रागावले नाहीत.

"कुकर आहे ना तुझ्याकडे? आईचा?"

"आहे."

"मग लाव. मी बसतो."

मी कुकर धुतला, डाळ-तांदूळ लावले. ते तिकडे फोन बडीशेपेच्या डब्याला टेकवून बसून राहिले. शिट्ट्या मोजल्या. मध्ये डुलकी लागली त्यांना, तिसऱ्या शिट्टीला जागे झाले. मी भात कालवला, पहिला घास घेतला आणि सवयीने कॅमेऱ्याकडून मान वळवली.

"इकडे बघून जेव," बाबा म्हणाले, आणि शेवटचा घास गिळेपर्यंत त्यांनी माझ्या तोंडावरची नजर काढली नाही.