गोजाबाईच्या वळणावरचा खटका

चाकणच्या वरच्या आळीत त्या सकाळी पन्नास-साठ माणसं एका मोटारीमागून अनवाणी चालत होती. मोटारीला हळद-कुंकू लावलेलं, दिव्यांना झेंडूच्या माळा. स्टेअरिंग ज्योतीरामच्या हातात आणि त्याच्या हातावर शेजारी बसलेल्या दत्तोबा देवऋषीचा हात. मोटार बैलगाडीपेक्षाही हळू चालली होती. पाटलांचं घर गेलं, पिठाची गिरणी गेली, माझी शाळा गेली, मोटार गप्प. आळीच्या टोकाला गोजाबाईच्या दारासमोर आली, आणि खालून आवाज आला. खट्ट. मग पुन्हा, खट्ट.

"ऐकलंत? चिमाजी बोलला," दत्तोबा म्हणाला. "त्येच्या जिवावर कोण उठलं, त्ये त्येनं दार ठोकून सांगितलं."

बायकांचे पदर तोंडाशी गेले. एक म्हातारा तर पुढच्या चाकाच्या पाया पडला. या गोष्टीला सत्तर वर्षं होत आली, पण चाकावर टेकलेलं ते कपाळ मी अजून विसरलेले नाही.

साल पंचावन्न असावं. मी मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण होते. ती जुनी मोटार चिमाजीनं घेतलेली. पुण्याचं भाडं असलं की पुण्याला, नाहीतर पिंपरीला औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तिथे तो माणसं पोचवायचा. दर रविवारी तो मोटारीखाली शिरून तासभर काहीतरी करत बसे. धाकटा भाऊ ज्योतीराम समजायचा, दादा सावलीला झोपायला जातो. भादव्यात चिमाजी विषमज्वरानं गेला. ज्योतीराम मोटार चालवू लागला. रविवारी मोटारीखाली कोणी शिरेना. त्याऐवजी शनिवारी लिंबू-मिरची बांधली जाऊ लागली. महिन्याभरात मोटार ठोके देऊ लागली. सरळ रस्त्याला ठीक. वळण आलं की खट्ट.

ज्योतीराम वाईट नव्हता, घाबरट होता. त्यानं दत्तोबाला आणलं. दत्तोबानं गावाकडून शेरभर तूप मागवलं, ते मंतरलं, मोटारीभोवती धोतराचा आडोसा करून आत एकटाच शिरला आणि चाकांना 'जेवू घातलं'. दोन दिवस मोटार चूप. सगळं चाकण त्याच्या पायाशी लोळलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा खट्ट. तेव्हा दत्तोबा म्हणाला, आत्म्याचं तुपावर भागणार नाही, त्याला करणी करणारी हवी. मोटारच तिला ओळखेल.

आणि मोटारीनं चिमाजीच्या विधवेला ओळखलं. निकाल तिथेच लागला: दिवस मावळायच्या आत गोजाबाईनं पोरीला घेऊन शीव ओलांडायची. सासू अंबूबाईनं तर तिची भांडी अंगणात फेकायला सुरुवातही केली. ज्या पातेल्यात गोजाबाई नवऱ्यासाठी पेज शिजवायची, ते माझ्या पायाशी गडगडत आलं.

गोजाबाई पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "बाई, म्या त्यास्नी शेवटपत्तूर पेज भरवली वो."

मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी खाली बघितलं. धुळीत चाकांची खूण होती. पाटलांच्या दारापासून इथवर दोन सरळ रेघा, आणि गोजाबाईच्या दारासमोर, लिंबाच्या झाडाला वळसा घालताना, त्या वाकल्या होत्या. सगळ्या आळीत वळण एवढं एकच.

मी ज्योतीरामला म्हटलं, "मोटार मागं ने आणि पाटलांच्या अंगणात वळव."

अर्जुनराव पाटील तडकले. आमच्या दारात हे कशाला, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या दारात ती गप्प राहिली तर गोजाबाईचं गाठोडं मी स्वतः शिवेपर्यंत उचलीन. सगळ्यांदेखत नाही म्हणणं त्यांना जमेना.

पाटलांच्या अंगणात ज्योतीरामनं स्टेअरिंग फिरवलं. खट्ट. अर्जुनरावांचा चेहरा पडला. शाळेपुढे वळवली, खट्ट. मारुतीच्या देवळापुढे वळवली, तिथेही खट्ट. तेव्हा गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "आता काय मारुतीनं करणी केली व्हय?" आणि पहिल्यांदा माणसं हसली.

दत्तोबा घाईनं सांगू लागला की आत्मा खवळलाय, म्हणून सैरभैर झालाय. पण तोवर नाशिक रस्त्यावर मोटारी दुरुस्त करणारे मीरासाहेब जॅक घेऊन पुढे झाले होते. त्यांनी पुढचं चाक उचललं, वर-खाली धरून हिसडलं. खट्ट. ना वळण, ना गोजाबाईचं दार.

"ही किंगपिन," मीरासाहेब म्हणाले. "चाक वळतं ते ह्या खुंटीवर. ग्रीस न्हाई मिळालं, म्हणून झिजून सैल झालीय. सरळ जाताना एका अंगाला टेकून असती, वळवलं की दुसऱ्या अंगाला आपटती. चिमाजीभाऊ दर रविवारी हिलाच ग्रीस भरायचे. अजून आठ दिवस अशीच चालवली असती तर भरल्या मोटारीचं चाक निखळलं असतं."

मग ते खाली शिरले आणि एक बोट हुंगत बाहेर आले.

"तूप हाय. टायरला न्हाई, कमानीच्या पाट्याला न्हाई, बरोबर पिनच्या तोंडाला. म्हणून दोन दिस गप्प ऱ्हायली. दत्तोबा, भुताचं तोंड तिथंच असतं, हे तुला कुणी शिकवलं?"

मोटारीला वाहिलेले नारळ दत्तोबानं मोजून पिशवीत भरले आणि मगच तो गेला. पुढे कळलं, खेडच्या एका मालमोटारीवर तो सहा वर्षं क्लीनर होता. खड्ड्यात खटका वाजू नये म्हणून मोटार हळू हाकायची, आणि कोणत्या दारासमोर वळण आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नवी पिन पुण्याहून आली. चौथ्या दिवशी ज्योतीराम लिंबाला वळसा घालून गेला, तेव्हा फक्त इंजिनाचा आवाज आला. गोजाबाई उंबऱ्यात उभी राहून मोटार दिसेनाशी होईपर्यंत ऐकत होती.

तिची माफी कोणी मागितली नाही. अंबूबाईनं पोचे आलेली भांडी आत आणली आणि त्याच संध्याकाळी सुनेच्या हातची भाकरी खाल्ली. दत्तोबाचा मला राग आला होता, पण खरी किळस आली ती ह्या मुकाट खाल्लेल्या भाकरीची. फसवणारा एकटा होता. पातेलं फेकणारे हात घरचे होते.

म्हणून सांगते. कुठे काही खटकलं तर आधी गुडघे टेका, वाका, खाली शिरून बघा. हात काळे होतील, होऊ द्यात. एखाद्या बाईकडे बोट दाखवायला वाकावं लागत नाही, म्हणूनच ते इतकं सोपं वाटतं.