धुतलेला सुरण

एल्सीला धुण्याचा नाद होता, आणि रत्नागिरीत आल्यापासून तिचं जे जे बिघडलं ते धुण्यानंच बिघडलं.

स्कॉटलंडहून मुलींना शिकवायला आलेली ही बावीस वर्षांची पोर इतर मडमांसारखी टेकडीवरच्या बंगल्यात राहायला तयार झाली नाही. तिनं खालच्या आळीत मथुराकाकीच्या घराची पडवी आणि एक खोली भाड्यानं घेतली. काकीचा नवरा आत्माराम गलबतावर तांडेल, सदा दर्यावर. घरात बोलायला माणूस आलं म्हणून काकी खूश झाली. पहिल्याच आठवड्यात एल्सीनं शेणानं सारवलेली जमीन साबण लावून, पाणी ओतून, ब्रशनं घासली. काकी बघायला येते तर खोलीत पेरणीला तयार असा चिखल, आणि मधोमध एल्सी अजून घासतेच आहे, कारण मळ काही संपत नव्हता! काकी आधी ओरडली, मग दाराला धरून हसली आणि शेवटी पदर खोचून जमीन चोपायला बसली. पुढे काकीचा घावनाचा बिडाचा तवा एल्सीनं राखेनं घासून असा लखलखीत केला, की महिनाभर त्यावरून एक घावन धड सुटलं नाही. काकीनं तोंडाचा पट्टा सोडला, पण भाडेकरणीला घालवायचं काही तिच्या मनात आलं नाही.

ते आलं मिस थॉर्नच्या मनात. मिस थॉर्न म्हणजे शाळेची मोठी मडम. गावात इतकी वर्षं काढली, पण गावातल्या एकाही चुलीपाशी बसली नव्हती. तिनं एल्सीला सांगितलं, "शनिवारी मी तुझ्याकडे जेवायला येते. तुझ्या हातचं जेवण. घर स्वच्छ असलं आणि तुझं नीट चाललंय असं मला दिसलं, तर राहा. नाहीतर सोमवारपासून बंगल्यात."

बंगल्यात पांढरे पडदे होते, मिळमिळीत सूप होतं आणि संध्याकाळपासून शांतता होती. काकीच्या घरात तिला कुणीतरी रागवत होतं. आई गेल्यापासून तिला इतक्या मायेनं कुणी रागवलं नव्हतं.

शनिवारी नेमकं काकीला खाडीपलीकडे भाट्याला जावं लागलं, बहीण बाळंत झाली होती. जाण्याआधी तिनं जमीन सारवली आणि बेत ठरवून दिला: भात, वरण आणि सुरणाची भाजी.

"सुरण चिरून भिजत घातलाय गो," ती म्हणाली. "फोडणीला टाकलास की झाला. मी जेवणाच्या टायमाला येतंय."

आता सुरणात आमसुलं असतात आणि ती काढायची नसतात, हे काकीनं सांगायला हवं होतं. पण कोकणात हे कुणी कुणाला सांगतं का? पोरांना ते अंगणात खेळतानाच कळतं.

एल्सीनं झाकण काढलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. काळपट लाल पाणी, आणि त्यात जुन्या चपलेच्या चामड्यासारखे वळलेले काळे, चिकट तुकडे! हे मिस थॉर्नच्या ताटात? बिचाऱ्या काकीला घाईत दिसलं नसणार. एल्सीनं तो काळा कचरा वेचून मागच्या केळीच्या बुंध्याशी टाकला. पाणी ओतून दिलं. फोडी धुतल्या, पुन्हा धुतल्या आणि मनाचं समाधान होईना म्हणून आणखी एकदा धुतल्या. हातांना खाज सुटली, तो दोष तिनं साबणाला दिला.

मिस थॉर्न वेळेवर आली. तिनं कोपऱ्याकोपऱ्यात पाहिलं, तव्याचा वास घेतला, जमिनीवर बोट फिरवून बोट निरखलं. एल्सीनं पाट मांडले आणि दोघींची ताटं वाढली. मिस थॉर्ननं भाजीचे दोनतीन घास खाल्ले. "चव आहे," ती म्हणाली. एल्सीचा जीव भांड्यात पडला.

मग मिस थॉर्ननं खाकरून घसा साफ केला. पुन्हा खाकरली. ओठांवरून जीभ फिरवली, रुमाल तोंडाला लावला आणि एकाएकी दोन्ही हातांनी गळा धरून, शिस्त विसरून, सुकलेल्या विहिरीच्या रहाटासारखी कुरकुरायला लागली. बोलायला जाई, पण शब्द फुटेना.

तेवढ्यात काकी दारात उभी राहिली. तिनं ताट पाहिलं, पातेलं पाहिलं, मडमेचा लालबुंद चेहरा पाहिला.

"अगो बाय माझे! आमसुलं खय् गेली?"

"काळं काळं ते? घाण होती काकी. टाकली."

काकीनं कपाळावर हात मारला. "आमसुलाबिगर सुरण घसा खाजवता गो!" मग फळीवरची कोकमाच्या आगळाची बाटली काढली, आंबट आगळ तांब्यात ओतलं, सरळ मिस थॉर्नची हनुवटी धरली. "आ करा!" मिस थॉर्ननं निमूट आ केला. पहिला घोट गेला. घशाची आग जरा निवली. तिनं तांब्याकडे हात केला, तसा काकीनं तांब्या वीतभर मागे घेतला.

"बाईसाहेब, पोर हितंच ऱ्हायल ना?"

मिस थॉर्ननं काकीकडे पाहिलं. तांब्याकडे पाहिलं. आणि मान हलवली.

"बघा हां, मान हलवलीत. देवान् पाह्यलान."

मिस थॉर्न जातानाही फारसं बोलू शकली नाही. एवढंच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "जमीन चांगली ठेवली आहेस." दिल्या शब्दाला जागणारी बाई होती ती.

ती वळणाआड गेल्यावर काकी पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिचं लक्ष एल्सीकडे गेलं. एल्सी हसत नव्हती. तिचे ओठ टरटरून सुजले होते आणि डोळे वाहत होते.

"तूपण खाल्लंस?"

एल्सीनं मान हलवली.

"मग बोललीस का नाय गो मेले?"

"मी बोलले असते, तर... त्यांनी मला नेलं असतं."

काकीचं हसू तिथंच विरलं. तिनं आगळाची बाटली उलटी केली, तर थेंब नाही. ती तरातरा मागीलदारी गेली, केळीच्या बुंध्याशी वाकली आणि मातीत पडलेली आमसुलं ओंजळीत भरून घेऊन आली.

"घे," तिनं ती एल्सीच्या हातात कोंबली. आवाज रागाचा होता, पण पदर डोळ्यांना लावला होता. "आता धू काय धुवायचा तो."

एल्सीनं आमसुलं धुतली. एकदाच धुतली, आणि तोंडात टाकून काकीला टेकून बसली.